ड्रॉइंग कपाटात, माहिती मशीनमध्ये

वर्कशॉपमध्ये संरक्षण खात्याचं सुटे भाग बनवायचं पहिलं काम घेताय, तर ड्रॉइंगच्या प्रत्येक प्रतीला नंबर द्या. रजिस्टरमध्ये कोणी नेली, कधी परत आली, सहीनिशी लिहा. पण खरी गळती कपाटातून होत नाही. प्लेटिंगवाल्याला (भागावर धातूचा मुलामा देणाऱ्याला) माप हवं असतं, घाईत कोणीतरी टायटल ब्लॉकसकट, म्हणजे भागाचं नाव-नंबर असलेल्या चौकटीसकट, अख्ख्या शीटचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो, आणि तो बॅकअपमध्येही जातो. प्लेटिंगवाल्याला लागणारी मापं वेगळ्या कागदावर, भागाचं नाव न लिहिता द्या, तीही परवानगी असेल तरच. सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) मेमरीतला प्रोग्रॅम आणि कॉपिअरची हार्ड डिस्क पुसायचं हमखास विसरलं जातं. रिजेक्ट झालेला जॉब (बनवलेला भाग) कापूनच भंगारात टाका. अखंड तुकड्यावरून मापं सहज निघतात. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 चं कलम 5 (गुप्त माहिती बेकायदा दुसऱ्याला देण्याबद्दलचं) कंत्राटदारालाही लागू आहे, हे मशीन ऑपरेटरला समजावून सांगा.