सफरचंदातली अळी आणि कोकणातला सापळा

प्रश्न : दादा, आम्ही मिनियापोलिसला राहतो, मागच्या अंगणात सफरचंदाची तीन झाडं आहेत, हनीक्रिस्प जातीची दोन आणि हॅरल्सनचं एक. गेल्या सीझनला फळं भरपूर धरली पण कापलं की आत तपकिरी रेघाच रेघा, मुलं हात लावेनात. माहेरी रत्नागिरीला बाबा आंब्याला फळमाशीचा रक्षक सापळा लावतात, तो इकडे आणू का?

उत्तर : ताई, नका आणू. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्या वासावर आंब्याच्या फळमाशीचे नर येतात, तुमच्याकडची सफरचंदाची माशी (ॲपल मॅगट) वेगळी, ती त्या वासाला फिरकणारसुद्धा नाही. ही मूळ अमेरिकेतलीच, आधी हॉथॉर्नच्या रानफळांवर जगायची, युरोपातून सफरचंद आलं तशी त्यावर आली. साधारण जुलैत मातीतून निघते आणि सालीखाली अंडी घालते, तिथे टाचणी टोचल्यासारखा बारीक खळगा पडतो, फळ उजेडात फिरवून बघा म्हणजे दिसेल. मग अळी गर पोखरत हिंडते, त्याच तुमच्या रेघा.

लाल चिकट गोळे मिळतात ते जूनच्या शेवटी टांगा, त्याला पिकलं फळ समजून माशी येऊन चिकटते, पण नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. खरा उपाय तुमच्या बाबांना माहीत असेल, कोकणात आंब्याला पिशव्या घालतात ना, तेच. जूनमध्ये फळं बोराएवढी झाली की घोसात एकच ठेवा, बाकीची तोडा (जीव होत नाही, पण तोडाच), सँडविचच्या झिपवाल्या पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे पाणी निथळायला कापा आणि देठाच्या दोन्ही बाजूंनी झिप लावून टाका. रंग आतही छान येतो, आणि तीन झाडांना एक रविवार पुरेल, मुलांना पण घ्या हाताशी.

पडलेली फळं मात्र दिवसाआड उचला, घरच्या कंपोस्टात नको. अळी त्यातूनच मातीत उतरून कोष करते आणि तुमच्या उणे तीसच्या थंडीतही बर्फाखाली आरामात तगते, त्यामुळे हिवाळ्यात आपोआप मरेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : बर्फ वितळल्यावर एका खोडाची साल बुंध्याशी कुरतडलेली दिसली, झाड जगेल का?

उत्तर : बर्फाखालून उंदरासारखे व्होल येतात, वरून ससे. साल चहूबाजूंनी गेली असेल तर वरचं झाड बहुतेक वाळतं, एकाच बाजूची गेली असेल तर काही न फासता तसंच सोडा, भरून येईल. ऑक्टोबरात पाव इंची भोकांची लोखंडी जाळी खोडापासून थोडी लांब गोल लावा, दोन इंच मातीत पुरा, आणि उंची बर्फाच्या थराच्या वर दीडेक फूट तरी हवी, कारण ससा बर्फावर उभा राहून खातो.