आधी फाइल वाच

पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांपैकी प्रोबेशनवर, म्हणजे हमीवर घरी सोडलेली आणि विशेष गृहात, म्हणजे सरकारी सुधारगृहात ठेवलेली, यांतली पुन्हा बाल न्याय मंडळापुढं जास्त कोण येतात, हा तुझ्या प्रबंधाचा प्रश्न. संख्याशास्त्राच्या दोन चाचण्यांपैकी काय-स्क्वेअर एक सांगतंय, फिशर दुसरंच, गाईड म्हणतात जे जुळतंय ते लिही. चाचणीचं तेवढं आधी उरकतो. समज, प्रोबेशनवर सोडलेल्या १२ मुलांपैकी १ पुन्हा मंडळापुढं आलं आणि विशेष गृहात ठेवलेल्या १२ पैकी ६ आली. येट्सची (छोट्या आकड्यांसाठीची) दुरुस्ती न लावता काय-स्क्वेअरची पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०२५ येते, फिशरची ०.०६९. नेहमीची रेघ ०.०५, एक तिच्या खाली, दुसरी वर. 'पुन्हा आली'च्या दोन्ही खणांत अपेक्षित संख्या साडेतीन, म्हणजे ५ च्या खाली. तिथं फिशरच लावायची. आधी उत्तर बघून मग चाचणी निवडायची नाही. गाईडनाही हे सांग, माझं नाव घेऊन सांग.

पण तू विचारायला हवा होतास तो प्रश्न हा नव्हे. त्या २४ ओळी आल्या कुठून?

प्रोबेशनवर सोडताना आईबाप, पालक नाहीतर कुणीतरी योग्य माणूस हमीपत्र लिहून देतो, तेव्हा पोर घरी जातं. ज्याचे आईबाप ऊसतोडीवर दुसऱ्या जिल्ह्यात आहेत, त्याच्या हमीपत्रावर सही कोण करणार? मग तुझा तक्ता दोन आदेशांची तुलना करतोय की दोन प्रकारच्या घरांची? सॉफ्टवेअर हे सांगत नाही. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा पोराच्या फाइलीतला सामाजिक तपास अहवाल सांगतो. म्हणून फाइल वाच.

निपाणीचं पोर घे. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलात सापडलं, तर ते कोल्हापूरच्या मंडळापुढं जातं, तू बघतेस त्या बेळगावच्या मंडळाच्या रजिस्टरमध्ये त्याची ओळच नाही. तुझ्या तक्त्यात ते 'सुधारलं'. साडेसतराव्या वर्षी सुटलेल्या पोराचं तेच. अठरा पूर्ण झाल्यावर केलेला गुन्हा नेहमीच्या कोर्टात जातो, मंडळाकडं येत नाही. म्हणजे त्याच्यावर तुझी नजर जेमतेम सहा महिने होती आणि पंधराव्या वर्षी सुटलेल्यावर तीन वर्षं. दोघांना एकाच खणात टाकून टक्केवारी काढतेस? कोण किती काळ नजरेखाली होतं ते प्रत्येक ओळीसमोर लिही.

आणि रजिस्टरमधल्या 'निकाली' या शब्दावर भुलू नकोस. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर प्रकरण तिथंच बंद होतं. समज देऊन सोडलेलं पोरही निकाली आणि मुदत संपली म्हणून सुटलेलंही निकाली. खानापूरकडचं एकच नाव एका कागदावर कन्नडमध्ये, दुसऱ्यावर इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगनं असतं, आणि एका पोराची दोन पोरं होतात. उलट एकाच चोरीत तिघं सापडले तर त्या तीन ओळी एकमेकींपासून स्वतंत्र धरता येत नाहीत, आणि काय-स्क्वेअर काय, फिशर काय, दोन्ही चाचण्या ओळी स्वतंत्र आहेत असंच गृहीत धरतात.

मला लोक संथ म्हणाले. माझ्या बरोबरीचे पेपर छापून पुढं गेले, मी फाइली चाळत बसलो. मनाला लागायचं, अजूनही लागतं. ज्या वयात लिहायचं त्या वयात लिहिणं झालं नाही, ही खंत आहेच. तरी आज पुन्हा फाइलच आधी उघडेन. तुमच्या 'विशेष गृहाचा उपयोग नाही' या एका वाक्यावर उद्या कुणी धोरण ठरवलं, तर त्याची झळ पोरांना लागते, आपल्याला नाही. हट्टी म्हण मला. फाइल वाच.

घाबरू मात्र नकोस. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, अहवाल तुला सरळ वाचता येतील. मंडळाची परवानगी आहेच. नावं वहीत उतरवू नकोस, पोराची ओळख उघड करायला मनाई करणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम ७४ ची आठवण ठेव, सांकेतिक क्रमांक घाल. सोमवारी लॅपटॉप आणू नकोस. वय, आदेशाची तारीख, हमी कुणाची, प्रकरण बंद का झालं आणि सहआरोपी कोण, असे पाच रकाने आखून वही आण. निपाणी-चिकोडीकडची प्रकरणं आधी घेऊ.