कंपायलर शेवटी कोणाचे ऐकतो?

प्रश्न : मी पायथनसाठी सी भाषेत एक एक्स्टेन्शन मॉड्यूल लिहीत आहे. लिनक्सवर डीबगर लावून ते तपासता यावे म्हणून ‘सीफ्लॅग्ज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मी ‘-ओ०’ हा फ्लॅग, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते फेरफार (ऑप्टिमायझेशन) बंद ठेवण्याची खूण, दिला. तरीही अर्धी व्हेरिएबल्स ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसतात आणि असर्टची, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये तपासणी करणाऱ्या ओळीची, अट खोटी ठरली तरी प्रोग्रॅम थांबत नाही. सेटअप फाइलमध्ये, म्हणजे मॉड्यूल कसे बांधायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, मी वेगासाठी ‘-ओ३’ (भरपूर ऑप्टिमायझेशन) आणि ‘-मार्च=नेटिव्ह’ (याच यंत्राच्या प्रोसेसरसाठी कोड) लिहून ठेवले आहे. मी दिलेला फ्लॅग जातो कोठे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपला फ्लॅग कंपायलरपर्यंत पोहोचतो, परंतु त्याच्यानंतर आलेला दुसरा फ्लॅग त्याला निष्प्रभ करतो. एक्स्टेन्शन बांधणारे साधन सेटअपटूल्स कंपायलरला जी कमांड देते तिच्यात आधी खुद्द पायथन ज्या फ्लॅगांनी बांधला गेला ते फ्लॅग असतात, त्यांच्यामागे आपले सीफ्लॅग्ज येतात आणि अगदी शेवटी सेटअप फाइलमधील ‘एक्स्ट्रा कंपाइल आर्ग्ज’, म्हणजे तेथे लिहिलेले जादा फ्लॅग. ‘-ओ’ एकापेक्षा अधिक वेळा आला तर जीसीसी हा कंपायलर शेवटचा ग्राह्य धरतो. म्हणून आपल्याच ‘-ओ३’ने ‘-ओ०’वर मात केली.

असर्टचे कारण वेगळे आहे. पायथनच्या नेहमीच्या रिलीज बांधणीत एनडीबग हा असर्ट बंद करणारा मॅक्रो डिफाइन केलेला असतो, तो वारशाने आपल्या एक्स्टेन्शनलाही मिळतो आणि सर्व असर्ट मुकाट होतात. तपासणीपुरते सीफ्लॅग्जमध्ये ‘-ओ० -जी -यूएनडीबग’ असे लिहावे; यातील ‘-जी’ डीबगरला लागणारी माहिती जोडतो आणि ‘-यूएनडीबग’ तो मॅक्रो रद्द करतो. कोणते फ्लॅग वारशाने आले आहेत हे ‘पायथन -एम सिसकॉन्फिग’ ही कमांड दाखवते.

हा वारसा दुर्लक्षिण्याजोगा नाही. मार्च २०१४ मध्ये ॲपलच्या एक्सकोड ५.१ मधील क्लँग हा कंपायलर अनोळखी फ्लॅगसाठी नुसता इशारा न देता थेट एरर देऊ लागला, आणि मॅकसोबत येणाऱ्या पायथनच्या नोंदींत ‘-एमनो-फ्यूज्ड-मॅड’ हा नेमका तसा फ्लॅग होता. त्यामुळे ज्यांनी स्वतः एकही फ्लॅग लिहिला नव्हता, त्यांचीही एक्स्टेन्शने बांधली जाईनात.

आता सेटअप फाइलविषयी. तिच्यातील दोन्ही फ्लॅग काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कमांडमधील शेवटची जागा लेखकाने अडवली की बांधणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, आणि तो अधिकार बांधणाऱ्याचाच असायला हवा. ‘-मार्च=नेटिव्ह’ तर वाटपासाठी कधीच नको : त्यामुळे बांधणाऱ्या यंत्राच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना व्हीलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधून तयार केलेल्या पॅकेजमध्ये, जातात, व्हीलच्या नावात मात्र केवळ ‘लिनक्स, एक्स८६_६४’ एवढेच लिहिलेले असते, आणि जुन्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतो. वेगाच्या मोहाने ‘-एफफास्ट-मॅथ’ (गणितातील काटेकोरपणा सोडून वेग साधणारा फ्लॅग) घालणे याहून घातक ठरू शकते. जीसीसी १३ च्या आधीच्या आवृत्त्यांत या फ्लॅगने शेअर्ड लायब्ररी (एक्स्टेन्शनही तशीच एक असते) लिंक केली, तर एक्स८६ वर ती लोड होताच प्रोसेसरची अतिसूक्ष्म संख्यांना शून्य मानण्याची व्यवस्था चालू होई. म्हणजे एका एक्स्टेन्शनमुळे त्याच प्रोसेसमधील, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या कोडची उत्तरेही बदलू शकत.

फ्लॅग बदलल्यावर जुना ‘बिल्ड’ फोल्डर आधी पुसावा. सेटअपटूल्स सोर्स फाइल बदलली आहे की नाही हे वेळेवरून ठरवते, फ्लॅग बदलल्याचे तिला कळत नाही, आणि ती जुनेच मॉड्यूल पुन्हा हाती देते. त्यानंतर पॅकेज बसवणाऱ्या ‘पिप इन्स्टॉल’ या कमांडला ‘-व्ही’ जोडून कंपायलरला प्रत्यक्ष गेलेली ओळ डोळ्यांनी वाचावी. तर्क लढवण्यापेक्षा ते कितीतरी खात्रीचे.

दुसऱ्यांच्या पॅकेजवर हेच करायचे असेल, तर पिप बहुधा तयार व्हील उतरवते आणि कंपायलर चालतच नाही. त्यासाठी ‘--नो-बायनरी’पुढे त्या पॅकेजचे नाव द्यावे, आणि आपल्याच यंत्रावर पूर्वी बांधलेले व्हील पिपने साठ्यातून काढू नये म्हणून ‘--नो-कॅश-डिर’ही जोडावे.