जुन्या एन्ग्रेव्हिंगमधून, म्हणजे लाकडावर किंवा तांब्यावर कोरून छापलेल्या चित्रांमधून, निसर्गावर कोलाज करायचं आहे. कुणाचं काम पाहू, सुरुवात कुठून करू? आणि नुसतं कापून चिकटवायचं, तर त्यात कला कसली?

शेवटचा प्रश्न मला घरातच दर दिवाळीच्या साफसफाईत विचारला जातो. माळ्यावरून कात्रणांचे खोके खाली येतात, "यातलं रद्दीत काय टाकू?" असं बायको विचारते आणि मी खोके पुन्हा वर चढवतो. तेव्हा त्याचं उत्तर ओघात आलं तर आलं.

आधी माक्स एर्न्स्ट पाहा. 1891 साली जर्मनीत, कोलोनजवळच्या ब्रूल गावात जन्मलेला आणि पुढे पॅरिसला गेलेला चित्रकार. एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र फ्रेंच कादंबऱ्या आणि 'ला नात्यूर'सारखी विज्ञानाची मासिकं हा त्याचा कच्चा माल. 1933 मध्ये इटलीत विगोलेनोच्या किल्ल्यावर मुक्कामाला असताना त्यानं तीनेक आठवड्यांत कोलाजांची एक मोठी मालिका केली. ती पुढच्या वर्षी 'ऊन सेमेन द बाँते', म्हणजे 'चांगुलपणाचा आठवडा', या नावानं पाच भागांत निघाली. 182 चित्रं, आणि शब्द जवळपास नाहीतच. सोमवारी झोपायच्या खोलीत पूर शिरतो, मंगळवारी दिवाणखान्यातल्या माणसांना वटवाघळाचे पंख फुटतात, बुधवारी कोटटाय घातलेल्या पुरुषांच्या धडावर पक्ष्यांची डोकी. एर्न्स्टचा लहानपणीचा काकाकुवा मेला त्याच रात्री त्याला धाकटी बहीण झाली, आणि तेव्हापासून पक्षी आणि माणूस यांची आपल्या डोक्यात गल्लत झाली, असं तो सांगायचा. खरंखोटं तो जाणे, चित्रं पाहून पटतं मात्र.

पण तुम्ही बघायची जागा वेगळी आहे. चोच, पिसं सोडा. मान जिथं कॉलरला भिडते तिथं भिंग लावा. जोड सापडता सापडत नाही. त्याची कात्री चांगली होतीच, आणि कोलाज पुन्हा छापल्यावर कागदाच्या कडाही गायब झाल्या. पण खरं कारण मूळ छाप्यात आहे. लाकडावरच्या एन्ग्रेव्हिंगमध्ये करडा रंग नसतोच. काळी शाई आणि कोरा कागद, बस्स. सावली हवी तर रेघा दाट, उजेड हवा तर विरळ. घोडा असो, धबधबा असो की बाईचा गाल, सगळं एकाच रेघेच्या भाषेत. म्हणून घोड्याचा तुकडा गालाला चालतो. पुढे फोटोवरून ठिपक्यांचे हाफटोन ब्लॉक आले आणि ही सोय संपली. ठिपक्यांशेजारी रेघ लावली की लगेच ठिगळ दिसतं.

हे मला बगळ्यानं शिकवलं. टॉमस ब्युइक या इंग्रज कोरक्याच्या पक्ष्यांच्या पुस्तकाचा दुसरा भाग, 1804 चा, पाणपक्ष्यांचा. त्यातल्या बगळ्याला पंखांऐवजी नेच्याची पानं लावायची, एवढीच माझी कल्पना. बगळा मला वीतभर हवा होता, म्हणून स्कॅन तिपटीनं मोठा करून छापला. रेघांचे दोरखंड झाले! शेजारी नेचा बारीक, नाजूक. दोघं एका कागदावर नांदेनात. ब्युइक बॉक्सवूडचं खोड आडवं कापून त्या तोंडावर कोरायचा. ते खोड मुळात बारीक, त्यामुळे ठोकळे लहान आणि चित्रंही तळहातात मावतील एवढीच. त्यांना ताणू नये. मोठं चित्र लहान करा, लहान मोठं करू नका. आणि उजेड कुठून पडतोय ते दोन्ही तुकड्यांत जुळवा. माझा नेचा उजवीकडून उजळलेला होता आणि बगळा डावीकडून, हे चिकटवून झाल्यावर मेहुणीनं दाखवलं.

मोठी चित्रं हवीत तर 'होर्तुस मलबारिकुस' उघडा. डच अधिकारी वान ऱ्हीडनं मलबारातल्या वनस्पतींवर करवून घेतलेले बारा खंड, 1678 ते 1693 मध्ये आम्स्टरडॅमला छापलेले. ही तांब्यावरची एन्ग्रेव्हिंग, अख्ख्या जोडपानावर पसरलेली, लहान करायला उत्तम. आणि गंमत म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात झाडाचं नाव चक्क नागरीतही आहे, कोकणीत. कोचीच्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांनी या कामात मदत केली होती. त्यांचं नागरीतलं 1675 चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय. ती अक्षरं कापून टाकायला माझा हात धजत नाही, मी ती चित्रातच ठेवतो.

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर असली पुस्तकं फुकट उतरवता येतात. तेव्हा हात जोडून सांगतो, जुनं पुस्तक कापू नका. मी एक कापलंय. सांगण्यासारखं नाही.

एन्ग्रेव्हिंगशिवाय निव्वळ निसर्ग हवा असेल तर मेरी डिलेनी. या बाई 1772 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलं करायला बसल्या. काळ्या पार्श्वभूमीवर एकेका फुलासाठी कागदाचे शेकडो कपटे. नजर अधू होईपर्यंत दहा वर्षांत हजाराच्या जवळपास फुलं झाली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एर्न्स्ट पाहून घाबरलात तर यांच्याकडे जा.

सामानाचं थोडक्यात. टोकदार लहान कात्री, कटर, चिमटा. कापताना कात्री स्थिर धरा आणि कागद फिरवा. कापलेली पांढरी कड काळ्या पेन्सिलीनं हलकेच मारून घ्या, निम्मे जोड तिथंच मिटतात. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदानं पातळ कागदाला पोपडे येतात, म्हणून मी मैद्याची पातळ खळ वापरतो. बाइंडर मंडळी तिच्यात मोरचूद घालतात. घरात मुलं असतील तर नको, ते विषारी. खळ कागदाच्या मधून कडेकडे लावा, वर कोरा कागद, त्यावर जाड शब्दकोश, आणि सकाळपर्यंत हात लावू नका. मी रात्री एकदा उचलून बघतोच, आणि नेमकी चोच शब्दकोशाला चिकटून येते.