चारित्र्य पडताळणी रखडली? आधी साक्षांकन नमुना काढून बघा

सरकारी भरतीचा अंतिम निकाल लागला की दोनेक महिन्यांत उमेदवारांची पत्रं सुरू होतात. निवड झाली, वैद्यकीय तपासणी झाली आणि मग सगळं थांबलं. आस्थापना शाखेत अनेक वर्षं मी चारित्र्य पडताळणीचे हेच प्रस्ताव हाताळले. तोच गोंधळ पुन्हा पुन्हा येतोय म्हणून काही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो.

निवड होऊन पाच महिने झाले. माझ्याबरोबरचा मुलगा रुजू झाला, माझी पोलीस पडताळणी अजून चालूच आहे. काही अडलं असेल का? (नांदेड)

नुसत्या उशिरावरून तसं म्हणता येत नाही. तुमचा साक्षांकन नमुना, म्हणजे पत्ते, गुन्हे-खटले वगैरे माहिती स्वतःच्या सहीने भरून दिलेला फॉर्म, नियुक्ती प्राधिकाऱ्याकडून पोलीस अधीक्षक कार्यालयात जातो, तिथून विशेष शाखा, मग तुमचं पोलीस ठाणं, आणि त्याच वाटेने परत. मित्राचं ठाणं वेगळं असेल तर तुलनाच नको. मात्र नुसती वाट बघू नका. तुमचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पोलिसांकडे गेला, हे आस्थापना शाखेला लेखी विचारा. फोटो नाही, एक सही राहिली, एवढ्यावरून प्रस्ताव कार्यालयातून बाहेरच न पडल्याची प्रकरणं मी स्वतः पाहिली आहेत आणि त्या उमेदवाराला कोणी कळवतही नाही, याची मला आजही चीड येते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. तरीही हालचाल नसेल तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) काम करणाऱ्या वकिलाला भेटा. तिथे दाद मागायला साधारणपणे एक वर्षाची मुदत असते, आणि तोंडी चौकशा करत फिरण्यात ती निघून जाते.

पासपोर्टच्या वेळी पोलीस पडताळणी झाली आहे. ती चालेल ना? (सातारा)

नाही.

पुण्यात दोन वर्षं खोली घेऊन अभ्यास केला, पण नमुन्यात फक्त गावचा पत्ता दिला. (परभणी)

आजच लेखी कळवा. केंद्र सरकारच्या नमुन्यात मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभराहून जास्त राहिलात ती सगळी ठिकाणं विचारलेली असतात. राज्याच्या तुमच्या नमुन्यात नेमकं काय विचारलं आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. पत्ता सुटला आणि तो नंतर उघड झाला की प्रस्ताव दुसऱ्या पोलीस आयुक्तालयात नव्याने जातो.

कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत भांडण झालं, कलम ३२३ आणि ५०४ खाली गुन्हा दाखल झाला. २०१९ मध्ये तडजोड होऊन सुटलो. क्लासचे सर म्हणाले, ‘सुटलास ना, मग ‘नाही’ लिही.’ तसंच लिहून दिलं. आता झोप लागत नाही. (अहिल्यानगर)

तुमच्या सरांचा हा सल्ला मी दर भरतीत ऐकतो आणि दर भरतीत त्याने कुणाची तरी नोकरी जाते. नमुन्यातला प्रश्न ‘तुम्हाला शिक्षा झाली का’ एवढाच नसतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, जामीनपत्र लिहून द्यावं लागलं का, हेही विचारलेलं असतं. सुटका झाली म्हणून खटला चाललाच नव्हता असं होत नाही. ठाण्याच्या नोंदीत तो राहतो आणि पडताळणीत सापडतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ही वाट बरीच स्पष्ट केली आहे. माहिती खरी हवी, लपवाछपवी नको, हा पाया. किरकोळ गुन्हा असेल, जो आधी सांगितला असता तर उमेदवार अपात्र ठरलाच नसता, तर नियुक्ती प्राधिकारी आपल्या अधिकारात ती लपवणूक माफ करू शकतो. करू शकतो, केलीच पाहिजे असं नाही. उलट बाजूही लक्षात घ्या: सगळं खरं लिहिलं तरी पूर्वचारित्र्य तपासून निर्णय घेण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याकडे राहतोच. जे विचारलंच नव्हतं ते लपवलं असा ठपका मात्र ठेवता येत नाही.

म्हणजे तुमच्यासारख्या मारामारीच्या गुन्ह्यात खरं लिहिणाऱ्याची बाजू मजबूत असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने कमजोर केलीत. पोलिसांचा अहवाल यायच्या आत सेवाविषयक वकिलाला भेटा, निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच्याकडूनच तपासून घेऊन द्या. नोकरी वाचेलच असं मी सांगणार नाही. अहवाल आल्यावर केलेल्या खुलाशापेक्षा आधी स्वतःहून केलेल्या दुरुस्तीला वजन असतं, एवढं नक्की.

माझ्यावर फक्त चॅप्टर केस झाली होती. तो काही गुन्हा नाही ना? (जळगाव)

गुन्हा नाही. ती प्रतिबंधक कारवाई. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. पण नमुन्यात जामीनपत्राबद्दल विचारलं असेल तर लिहायचं. कागद घेऊन वकिलाला दाखवा.

सोळा वर्षांचा असताना बाल न्याय मंडळासमोर प्रकरण होतं, ते संपलं. लिहावं लागेल का? (अकोला)

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ अशा प्रकरणामुळे अपात्रता येऊ देत नाही, आणि कलम ७४ नुसार निकाली प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नसते. सोळा वर्षांवरील मुलांच्या गंभीर गुन्ह्यांना काही अपवाद आहेत, म्हणून मंडळाचा आदेश वकिलाला दाखवूनच नमुना भरा.

एकजण २५ हजारांत जात वैधता आणि पोलीस अहवाल दोन्ही ‘करून देतो’ म्हणतोय. (बीड)

एक रुपयाही देऊ नका. खोट्या जातदाखल्यावर मिळालेली नोकरी टिकत नाही, हे २०१७ मध्ये बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. दलाल पैसे घेऊन जाईल, सही तुमची राहील. वैधतेला खरा उशीर जुन्या पुराव्याअभावी होतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद. आजोबांच्या शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर, वडिलांकडच्या रक्तनात्यातलं वैधता प्रमाणपत्र, हे आधी शोधा. निवड यादी लागल्यावर शोधायला निघालात तर उशीर तुमचाच. जात पडताळणी समितीने त्रुटी काढली असेल तर ते पत्र घेऊन समितीच्या कार्यालयातच विचारा.

खासगी नोकरीचा राजीनामा आता देऊ का? (ठाणे)

नाही. नियुक्ती आदेश हातात येऊ द्या. त्यात ‘पडताळणीच्या अधीन’ असं लिहिलं असेल आणि नमुन्यात काही लिहायचं राहिलं असेल, तर आधी वकील, मग राजीनामा.