माळ्यावरची रेल्वे आणि पोस्टातलं मुद्दल

प्रश्न: रेल्वेच्या पी-वेमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात, ३४ वर्षं काढून गेल्या जूनअखेर भुसावळला निवृत्त झालो. पेन्शन महिना ४१ हजार. १८ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ६ लाख बँकेत ठेव. घराच्या पत्र्याच्या माळ्यावर भुसावळ यार्डाचं चालतं मॉडेल उभारायचंय, अंदाज साडेचार लाख. पोस्टाचं खातं मोडू का? मुलगा म्हणतो कर्ज काढा, मंडळी म्हणते आधी गळका पत्रा बदला. परदेशी इंजिनांच्या किमती वाढतातच, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना?

उत्तर: रामराम भाऊ. शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचा हिशेब त्यावर उभा आहे. नाही, ही गुंतवणूक नाही. सोन्याची बांगडी घेऊन जळगावला गेलात तर तासाभरात मोडून पैसे हातात पडतात. इंजिन घेऊन कुठे जाणार? गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात शोधायचं, ते मूळ खोका मागणार, आणि माळ्याला ठोकून बसवलेला लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, तर करवतीनेच खाली येतो. हौस म्हणा, मग मी तुमच्याच बाजूने आहे. हौसेला परताव्याचं कारण जोडलं की माणूस मुद्दलाला हात घालतो.

आणि तुमचं मुद्दल सध्या हात लावण्यासारखं नाही. पोस्टाच्या त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, काढायचे तर खातंच बंद करावं लागतं. वर्ष पूर्ण व्हायच्या आत बंद केलंत तर दिलेलं व्याज परत कापून घेतात. ८.२ टक्क्यांनी तुम्हाला तिमाहीला ३६,९०० मिळतात. तीन तिमाह्यांचे १,१०,७०० मुद्दलातून गेले समजा. जुलैनंतर मोडलंत तरी दीड टक्का, म्हणजे २७ हजार दंड आहेच. कर्जाचं तर नावच नको. १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी महिना सुमारे १५ हजारांचा हप्ता बसतो आणि व्याजापोटीच ८८ हजार जातात.

आता माळा. इथे मला तुमचं थोडं आश्चर्य वाटलं, कारण उन्हात रूळ काय करतात हे तुम्हाला मी काय सांगणार? मे महिन्यातलं हॉट वेदर पेट्रोलिंग, म्हणजे उन्हात वाकलेले रूळ शोधायची गस्त, तुम्ही पायी केलंय. भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. मॉडेलचे रूळ बहुतेक निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात. जानेवारीच्या पहाटेचे १२ अंश आणि मेच्या दुपारचे ५२ धरले तर पाच मीटर रूळ साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. जोडात फट ठेवली नसेल तर तो वाकणार, आणि १६.५ मिलिमीटरच्या गेजमध्ये, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरात, एवढं वाकणं म्हणजे गाडी घसरलीच. शिवाय पावसाळ्यात खालचा प्लाय फुगतो. एसी लावून उपाय होतो, पण रोज चार तासांचे तीन महिन्यांत साधारण ५४० युनिट जातील. युनिट दहा रुपयांनी धरलं तर दर उन्हाळ्याला ५,४०० रुपये. तुमच्या अंदाजात ही ओळ दिसत नाही.

आयातीची ओळही दिसत नाही. परदेशी मॉडेल कस्टमच्या लेखी खेळणंच असतं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून थेट ६० टक्क्यांवर नेलं होतं, वर जीएसटी. मागवण्याआधी आजचा दर विचारून घ्या, वेबसाइटवरची किंमत धरून बसू नका.

म्हणून वहिनींचं आधी ऐका. पत्रा बदलणं, त्याखाली उष्णता अडवणारा थर देणं, हा घराचा खर्च आहे, रेल्वेचा नाही. बँकेच्या ठेवीतून एक लाखापर्यंत त्यावर घाला. उरलेले पाच अडीअडचणीला राहू द्या. रेल्वेचं वैद्यकीय कार्ड आहे म्हणून एवढ्यावर भागेल, नाहीतर मी जास्त ठेवायला सांगितलं असतं. मग चार तिमाह्यांपैकी एका तिमाहीचं व्याज, ३६,९०० रुपये, दरवर्षी गाड्यांचं. त्या पैशाचा हिशेब घरात कुणी विचारायचा नाही, हेही ठरवून घ्या.

एवढ्यात भुसावळ यार्ड होणार नाही, हे खरं. यार्ड म्हटलं की गाडीचा रूळ बदलणारे सांधे आले, आणि पैसा सांध्यांतच जातो; प्रत्येकाला मोटर, वायर, स्विच. त्याऐवजी आपली जुनी पीजे रेल्वे का नको? पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज, एक लहान गाडी आणि मोजके सांधे. १:८७ प्रमाणात तो गेज पावणेनऊ मिलिमीटर भरतो, म्हणजे बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ चालतो. वळणं आखूड घेता येतात. खालच्या खोलीत एका भिंतीला फूटभर रुंद, आठ फूट लांब फळी पुरेल, आणि माळ्याचा प्रश्नच उरत नाही. स्टेशन, झाडं, केळीची बाग हे सगळं पुठ्ठ्या-थर्माकोलातून तुमच्या हातानेच होईल, त्याला कस्टम लागत नाही. (माझ्या लहानपणी मामाच्या गावाला जाताना ती गाडी एवढी सावकाश जायची की मुलं उतरून बाजूने पळायची. तेव्हा या सल्ल्यात थोडा माझाही स्वार्थ आहे.)

तरीही मन माळ्यावरच असेल तर यंदाचा मे तिथे एक थर्मामीटर टांगून काढा. दुपारी दोनचा आकडा रोज वहीत लिहा आणि जूनमध्ये मला कळवा. जुलैचं व्याज जमा होईपर्यंत एकही इंजिन मागवू नका.