पक्ष सोडू पाहणाऱ्या एका तरुणास

चि. मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पक्षाच्या प्रसिद्धी विभागात बसून तू आजवर जे लिहिलेस ते आता तुझ्याच्याने वाचवत नाही, हे मी समजू शकतो. साहेबांची भाषणे तू लिहितोस, विरोधकांवर सोडायच्या चित्रफितींतले शब्द तुझेच असतात. आणि आता, तालुक्याच्या बैठकीत उमेदवारीच्या पैशांविषयी प्रश्न विचारणाऱ्या एका जुन्या कार्यकर्त्याला त्याच रात्री ‘विरोधकांचा हस्तक’ ठरवणारा मजकूरही तुझ्याकडूनच लिहून घेतला गेला. पक्ष सोडावा का, आणि सोडल्यावर आतले सगळे जाहीरपणे लिहावे का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. पहिल्याचे उत्तर तुझ्या पत्रातच आहे. ज्याला राहायचे असते तो असले पत्र लिहायला बसत नाही. दुसऱ्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो.

युगोस्लाव्हियातल्या मिलोव्हान जिलासचे नाव तुझ्या पिढीने फारसे ऐकलेले नसेल. तुझ्यासारखाच तोही प्रचारखात्यातला माणूस, फक्त फार वरचा. १९११ मध्ये माँटेनिग्रोत जन्मलेला हा तरुण विद्यार्थिदशेतच कम्युनिस्ट झाला, राजेशाहीच्या काळात स्रेम्स्का मित्रोवित्साच्या तुरुंगात तीन वर्षे राहिला, दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्ह कम्युनिस्टांचा नेता टिटो याच्या बरोबरीने जर्मनांविरुद्ध लढला आणि सत्ता आल्यावर पक्षाच्या प्रचारयंत्रणेचा प्रमुख झाला. स्टालिनशी वाटाघाटी करायला टिटोने मॉस्कोला पाठवलेल्यांत तो होता. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाने स्टालिनशी फारकत घेतली, तेव्हा ती फारकत जगाला पटवून देणाऱ्या लेखण्यांत त्याची लेखणी आघाडीवर होती. म्हणजे पहिली ताटातूट त्याने पक्षाच्या सोबतीने अनुभवली आणि दुसरी त्याच पक्षापासून, एकट्याने.

ही दुसरी ताटातूट कशी झाली, ते नीट पाहा. ऑक्टोबर १९५३ पासून पक्षाच्या ‘बोर्बा’ या वृत्तपत्रात त्याने एक लेखमाला लिहिली. नोकरशाही हाच आता समाजवादाचा शत्रू झाला आहे, पक्षाने आपली मक्तेदारी सोडली पाहिजे, असा तिचा सूर उत्तरोत्तर चढत गेला. लेख छापून येत होते, वाचक पत्रे पाठवत होते, आणि टिटो काही बोलत नव्हता. एवढेच नव्हे, तर डिसेंबरअखेर जिलासला संघीय संसदेच्या अध्यक्षपदी निवडण्यात आले. वरिष्ठांच्या गप्प बसण्याला त्याने मूकसंमती मानले. तू लिहितोस की, ‘साहेबांना मी दोनदा सूचकपणे बोललो, त्यांनी ऐकून घेतले.’ ऐकून घेणे हे पुढाऱ्याचे रोजचे काम आहे. त्यावरून काही गृहीत धरू नकोस.

खरा भडका उडाला तो मात्र सिद्धांतावरून नव्हे. जानेवारी १९५४ मध्ये ‘नोवा मिसाओ’ या मासिकात जिलासने एक लेख लिहिला. लष्करप्रमुख पेको दापचेविच यांनी एका तरुण नटीशी लग्न केले होते. युद्धात आपल्या नवऱ्यांबरोबर डोंगरदऱ्या तुडवलेल्या आणि आता बंगले, मोटारी, राखीव जागा यांना सरावलेल्या बड्या घरच्या बायका या मुलीला आपल्यात घेईनात, तिच्याशी बोलेनात. नावे न घेता त्याने हा सगळा प्रकार मांडला, आणि कोण कोण ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळले. पक्षाने मक्तेदारी सोडावी, हे वाक्य त्या मंडळींनी महिनोन्महिने सहन केले होते, पण आपल्या दिवाणखान्याचे वर्णन त्यांना एक दिवसही सहन झाले नाही. कोणत्याही चळवळीची ही दुखरी जागा असते, असे माझे मत आहे. तत्त्वाची टीका ठरावात गुंडाळून ठेवता येते, परंतु कोणाच्या दारात कोणती गाडी उभी आहे हे लिहिले की ठराव पुरत नाही, माणूसच काढावा लागतो. तुमच्या तालुक्यातल्या त्या कार्यकर्त्याने विचारधारेवर भाषण केले असते तर त्याला हार घातला असता. त्याने पैशांचा आकडा विचारला.

१६ आणि १७ जानेवारी १९५४ या दोन दिवशी मध्यवर्ती समितीची बैठक झाली आणि तिचे कामकाज आकाशवाणीवरून देशभर ऐकवले गेले. कालपर्यंत घरी जेवायला येणारे सहकारी एकामागून एक उठून बोलले. टिटोचा चरित्रकार व्लादिमिर देदियेर आणि जिलासची पहिली पत्नी मित्रा मित्रोविच, एवढ्या दोघांचाच त्याला काय तो आधार मिळाला. दुसऱ्या दिवशी जिलासचाही धीर सुटला आणि त्याने आपल्या लेखनाबद्दल माघारीचे निवेदन केले, ज्याची खंत त्याला पुढे कायम राहिली. त्या निवेदनाने त्याचे एकही पद वाचले नाही. सगळी पदे गेलीच, आणि वसंतात त्याने पक्षाचे सदस्यपत्रही आपण होऊन परत केले. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण तू जाहीरपणे तोंड उघडलेस की ‘कारणे दाखवा’ नोटीस येईल, आणि तिच्या मागोमाग एखादा जवळचाच माणूस चहाला येऊन म्हणेल, ‘दोन ओळींची दिलगिरी लिहून टाक, विषय मिटवू.’ त्या दोन ओळी विषय मिटवण्यासाठी नसतात. तुझ्या पुढच्या प्रत्येक शब्दाला उत्तर म्हणून त्या जपून ठेवलेल्या असतात. म्हणून त्या दिवशी काही लिहू नकोस आणि कशावर सही करू नकोस.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. जिलासचे ‘नवा वर्ग’ हे पुस्तक १९५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो हंगेरीतल्या १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावाची बाजू घेतल्याबद्दल पुन्हा स्रेम्स्का मित्रोवित्साच्याच तुरुंगात होता. राजाने ज्या भिंतींआड ठेवले होते त्याच भिंतींआड या वेळी त्याच्या सोबत्यांनी ठेवले. पुस्तकामुळे शिक्षा वाढली. जनतेच्या नावावर केलेल्या मालमत्तेचा कारभार ज्यांच्या हाती आला तेच तिचे नवे मालक झाले, हा त्याचा मुद्दा तोवर इतरांनीही निरनिराळ्या शब्दांत मांडलेला होता. मग याच पुस्तकाची जगभर एवढी दखल का घेतली गेली? कम्युनिस्टाला खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत जो रस्ता मोकळा असतो तो सगळा आपण चालून आलो आहोत, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले होते. स्टालिनधार्जिणे ठरवलेल्यांसाठी १९४९ मध्ये आद्रियाटिक समुद्रातल्या गोली ओतोक बेटावर छळछावणी उघडली गेली, तेव्हा तो सत्तेच्या मध्यभागी बसलेला होता. असा माणूस ‘ते असे वागले’ एवढेच लिहून सुटू शकत नाही.

तूही सुटणार नाहीस. तुझ्या मसुद्यातली चार पाने मी वाचली. भाषा धारदार आहे, पण त्यात सर्वत्र ‘त्यांनी’ आहे: त्यांनी बदनामी केली, त्यांनी खोटे आकडे पसरवले. तो ‘हस्तक’ वाला मजकूर कोणी टंकला, हे चारही पानांत कुठे नाही. जिल्ह्यातले निम्मे लोक तुझी शैली ओळखतात, ते पहिल्याच पानावर हसतील. जिथे तुझा हात होता तिथे ‘मी’ लिही, जिथे नुसता ऐकीव भाग आहे तिथे तो गाळ, आणि त्या कार्यकर्त्याला छापून येण्याआधी प्रत्यक्ष जाऊन भेट. त्याची परवानगी मागू नकोस, माफीचे नाटकही करू नकोस. त्याच्याविषयी काय लिहिणार आहेस ते फक्त त्याला वाचून दाखव.

राहिला प्रश्न नंतरचा. सकाळी राजीनामा आणि दुपारी गळ्यात दुसऱ्या रंगाचे उपरणे, हे आपल्याकडे आता कोणाला खटकेनासे झाले आहे, आणि तुलाही तसे निरोप येऊ लागले असतील. तुझ्या आतल्या माहितीला सध्या बाजारभाव आहे, तुला नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरण मानवेंद्रनाथ रॉय यांचे. १९२० मध्ये लेनिनसमोर आपला वेगळा प्रबंध मांडणारा हा माणूस १९२९ मध्ये कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयमधून, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून, काढला गेला, पुढे काँग्रेसमधूनही बाहेर पडला, आणि १९४८ मध्ये त्याने स्वतः काढलेला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला. त्या पक्षातली आपली मराठी माणसे पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईला बसून पुढे विश्वकोशाच्या कामाला लागले, वि. म. तारकुंडे वकिलीकडे वळले, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि आणीबाणीच्या काळात नागरी स्वातंत्र्याच्या लढ्यात उभे राहिले. राजकीय विचार त्यांनी सोडला नव्हता, पण पोटापाण्यासाठी आणि प्रतिष्ठेसाठी पक्षावर अवलंबून राहावे लागेल अशी त्यांची स्थिती नव्हती. तुझा पगार, तुझी दुचाकी आणि राहती खोली तिन्ही पक्षाच्या माणसांकडून आलेली आहेत. आधी त्याची सोय लाव. तू भाषांतर चांगले करतोस. जिलासने तुरुंगात शौचालयाच्या कागदावर इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचे भाषांतर केले, तुला निदान टेबल-खुर्ची तरी आहे.

घाई करू नकोस, पण दिवाळीच्या पुढे ढकलूही नकोस, कारण त्यानंतर निवडणुका लागतील आणि तुझ्या राजीनाम्याचा अर्थ दुसरेच लोक लावतील. जाताना कार्यालयाचा लॅपटॉप, किल्ल्या आणि समाजमाध्यमांच्या खात्यांचे पासवर्ड लेखी पोच घेऊन जिल्हा चिटणिसांच्या हाती दे. मतदारांच्या याद्या किंवा देणगीदारांची नावे यांतले काहीही स्वतःजवळ ठेवू नकोस, कोणी कितीही मागितले तरी. मसुदा ‘मी’ने पुन्हा लिहून झाला की मला पाठव, वाचून पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीन.

तुझा हितचिंतक